कुटुंबप्रमुखांच्या परवानगीने

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! दातांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली म्हटल्यावर ताई म्हणाली होती, आता तरी जरा तोंड सांभाळ, तिथे लोक पक्कड घेऊनच बसलेले असतात. ताई माझी सख्खी मोठी बहीण, त्यामुळे तिला असलं बोलायचा परवाना आहे.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आहे. वर दाढ कोरली जाते, खाली किल्ली, आणि आवाज दोन्हींचा सारखाच. रस्त्याने जाणारा माणूस नुसतं ऐकूनच गाल धरतो. माझी खोली दवाखान्याच्या वर आहे. एक खाट, एक खिडकी आणि उलटा फिरणारा नळ. आठ महिने ताईच्या मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून अंग चोरून राहिल्यावर स्वतःचं दार स्वतः लावणं ही मला चैन वाटते.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या पुढच्या. बोलतात कमी, बघतात जास्त. दुसऱ्या आहेत मावशी, हत्यारं उकळणाऱ्या. त्यांच्या ट्रेला कुणी हात लावला की त्या हाताकडे अशा बघतात, की तोही उकळून काढावा. माझं काम टेबलावरचं. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, केसपेपर संगणकात चढवायचे, कवळ्यांच्या साच्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठी चुकली तर एका आजोबांचे दात भलत्याच आजींच्या तोंडात जातील, असं मावशींनी दोनदा बजावलं.

डॉक्टरीणबाईंनी माझा पुढचा अर्धा दात पाहिला. पडले, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की पडून दात असा तुटत नाही, आणि गुरुवारी टोपी बसवू. पुढे एक प्रश्न नाही. मला रडू आलं, पण मी ते जांभईत घातलं.

रोज एक ते तीन दवाखाना बंद असतो. तेवढ्यात इथल्या संगणकावर हे लिहायचं ठरवलं आहे. फाइलला नाव दिलंय ‘कवळ्या, जुन्या’. ते वाचून कुणी उघडेल, तर त्याची हौस दांडगी म्हणायची.

एकच गोष्ट सांभाळायची आहे. मी कुठे आहे हे ताईला आणि तिच्या मैत्रिणीला ठाऊक आहे, तिसऱ्या कुणाला नाही. ते तसंच राहिलं पाहिजे. तो एका छापखान्यात प्रुफं तपासतो. आवाज कधी चढवत नाही. शेवटी शेवटी एकदा शांतपणे म्हणाला होता, की न विचारता पुन्हा उंबरा ओलांडलास तर ओलांडायला पाय ठेवणार नाही. तोंडावर सात वर्षं ‘अहो’ म्हटलं. कागदावर मात्र तो ‘तो’च राहणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज संगणकाची नवी प्रणाली बसली. जुनीला म्हणे आता कुणी वाली उरला नव्हता, आणि नवीशिवाय एक्स-रेचं यंत्र बोलेना. संगणकवाले आले ते गाल सुजवूनच. डॉक्टरीणबाईंनी त्यांना यंत्राकडे जाऊच दिलं नाही, आधी खुर्चीत बसवलं. अक्कलदाढ होती. निघाली.

मग जीभ, ओठ, हनुवटी बधिर, तोंडात कापसाचा बोळा, अशा थाटात ते माझ्या शेजारी बसले आणि काम सुरू करून दिलं. मध्येच घेरी आली म्हणून बाकावर आडवे झाले. तिथून मला सांगत होते. पडद्यावर प्रश्न येई, मी मोठ्याने वाचून दाखवी, आणि ते बोळ्याआडून म्हणत, “अओ.” मी ओके दाबी. ठिकाण वापरू का? अओ. लेखन वाचून मदत करू का? अओ. सगळं सगळीकडे सारखं ठेवू का? अओ. असे अकरा प्रश्न. बाहेर चार पेशंट खोळंबलेले, त्यातली एक आजी मला बघून घड्याळाला चावी देत होती.

सुरुवातीला एक मेलपत्ता मागितला होता. त्याशिवाय पुढे सरकेच ना. डॉक्टरीणबाईंकडे मेल नाही, त्यांना ते थोतांड वाटतं. मी काय टाकावं याचा विचार करेपर्यंत बोटांनी सवयीने माझा जुना पत्ता टाकूनही टाकला. खोडणार होते, तेवढ्यात पडदा पुढे गेला. उद्या बदलून टाकीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

टोपी बसली! आरशासमोर उगीचच दात काढत उभी होते. मावशींनी पाहिलं आणि म्हणाल्या, पुरे, वारा लागेल.

नवी प्रणाली मात्र दृष्ट लागण्यासारखी आहे. माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद. कोणती वेलांटी कुठे, याचा माझ्याशी कधीच करार नव्हता. आज फाइल उघडली तर सोमवारच्या सगळ्या चुका दुरुस्त! ‘ऊकळणाऱ्या’चं ‘उकळणाऱ्या’ झालंय, ‘खीडकी’चं ‘खिडकी’. यंत्राला इतकी चांगली मराठी येते, म्हणजे आता आमच्यासारख्यांनी नुसत्या चिठ्ठ्याच चिकटवाव्यात.

सकाळी सुरू केल्यावर पडद्यावर एक फोटो आला. वर लिहिलं होतं, ‘तुमच्यासाठी एक आठवण’. त्याच्या घराची गच्ची. वाळत घातलेली माझी निळी ओढणी. कुणाच्या परवानगीने आठवण काढली या संगणकाने? चहा केसपेपरवर सांडला. मेलपत्ता बदलायचा राहिलाच होता, तो बदलायला गेले, तर म्हणालं, संगणक ज्यांनी बसवला त्यांनाच विचारा. ते मंगळवारी टाके काढायला येणार आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संगणकवाले आले. आता त्यांचं बोलणं स्वच्छ आहे. ओके ओके म्हणून मला कशात अडकवलंत, असं मी चढ्या आवाजात विचारलं, तर बिचारे कपाळाला हात लावून बसले. ते ओके म्हणतच नव्हते. ते ‘नको’ म्हणत होते. अकराच्या अकरा वेळा. बधिर जिभेला न आणि क कुठून यायचा!

मला आधी हसू फुटलं, मग माझं मलाच आवरेना. हसता हसता त्यांना म्हटलं की एक मात्र झकास झालं, शुद्धलेखन सुधारलं. त्यांनी मान हलवली. या प्रणालीत मराठीचं शुद्धलेखन तपासायची सोयच नाही. इंग्रजीची आहे, मराठीची अजून आलेली नाही.

मग कोण?

फाइल त्यांच्यासमोरच उघडली. वेलांट्या दुरुस्त झाल्या होत्याच. आणखी एक झालं होतं. ‘तो एका छापखान्यात प्रुफं तपासतो’ हे वाक्य आता ‘ते एका छापखान्यात मुद्रितशोधन करतात’ असं होतं. ‘आवाज कधी चढवत नाही’चं ‘आवाज कधी चढवत नाहीत’. जिथे जिथे तो होता, तिथे तिथे ते. एकही सुटला नव्हता.

वाणसामानाच्या यादीतसुद्धा तो माझ्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायचा. आणि जेवणाआधी मला त्या दहा-दहा वेळा लिहायला लावायचा.

त्याने हे वाचलं आहे. पहिल्या दिवसापासून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कालपासून वहीत लिहिते आहे. आधीची पानं छापून पुढे चिकटवली. प्रत्येक ‘ते’ खोडून ‘तो’ केलं, ‘मुद्रितशोधन’ खोडून पुन्हा ‘प्रुफं’. तेवढंच हातात होतं.

काय झालं ते संगणकवाल्यांनी शोधून काढलं. तीन वर्षांपूर्वी त्याने आमच्या दोघांच्या पत्त्यांचं एक ‘कुटुंब’ करून ठेवलं होतं. मला फक्त नवा फोन दिला आणि म्हणाला, वापर. त्या कुटुंबात तो ‘कुटुंबप्रमुख’ आहे, मी ‘सदस्य’. माझा पत्ता इथे टाकला त्या क्षणी हा संगणकच त्या कुटुंबात गेला, आणि इथली प्रत्येक फाइल त्याला तिकडे उघडता यायला लागली.

मग बाहेर पडू, असं मी म्हटलं. बटण होतं, ‘कुटुंब सोडा’. संगणकवाले थांबा थांबा म्हणेपर्यंत मी ते दाबलं. माझं मेलीचं घाईचं बोट! पडद्यावर आलेलं शब्दशः उतरवते:

‘तुमची विनंती कुटुंबप्रमुखांकडे पाठवली आहे. सोबत पाठवले: तुमचे नाव, हे यंत्र, यंत्राचे सध्याचे ठिकाण. त्यांच्या परवानगीने तुम्हाला सोडता येईल.’

खाली नकाशा होता. त्यावर टाचणी. अगदी या टेबलावर.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या की असा माणूस त्यांनी जबड्यावरून आधीच ओळखला होता, त्याच्या नाही, माझ्या. संगणक पुसून टाकायचा ठरला. पण दोन हजार एक्स-रे आत आहेत, ते आधी बाहेर काढावे लागतील. शनिवार उजाडेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक्स-रे निघाले. पुसण्याआधी पडद्यावर एक चौकट आली. संगणकवाले ती झाकायला गेले, पण मी वाचली.

‘तुम्ही कळवले होते: जरा बाजारात जाऊन येते. आपण अद्याप पोचला नाहीत. उशीर: २४१ दिवस. कुटुंबप्रमुखांना काय कळवू?’

माझा त्याला शेवटचा निरोप. घरातून निघताना ‘जाते’ कुणी म्हणतं का? ‘जाते’ म्हटलं असतं तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. शिवाय तोंडच वळत नाही तसं. आईने लहानपणी थोबाडीत मारून शिकवलंय, ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणावं. म्हणून ‘येते’ लिहिलं आणि गेले. आणि हे मेलं यंत्र ते वचन समजून मोजत बसलं. रोजचा एकेक दिवस.

उत्तराला दोनच बटणं. ‘आत्ता येते’ आणि ‘नंतर येते’. येत नाही, असं बटणच नव्हतं.

आम्ही दोन्ही दाबली नाहीत. संगणकवाल्यांनी वायर उपटली. वायर उपटण्याआधी चौकट बदलली होती. ‘उत्तर मिळाले नाही. कुटुंबप्रमुख स्वतः संपर्क साधतील.’

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौकीवर गेले. डॉक्टरीणबाई सोबत होत्या. हवालदारांनी विचारलं की त्याने इथे येऊन काही केलं का. नाही. फोनवर धमकी? नाही. मग काय केलं? शुद्धलेखन दुरुस्त केलं, असं सांगितलं. ते हसले. शेजारच्या टेबलावरचाही हसला. म्हणे नवरा चांगला शिकलेला दिसतोय.

तुटलेला दात दाखवला, तर त्यावर टोपी. डॉक्टरीणबाईंनी आधीचा एक्स-रे टेबलावर आपटला. त्यावर तारीख आहे, मारणाऱ्याचं नाव नाही, असं म्हणाले.

डॉक्टरीणबाईंच्या वर्गमैत्रिणीचा दवाखाना आहे, लांब, दुसऱ्या गावी. तिथे संगणकच नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी तिथे जायचं. अजून तीन दिवस.

मला भीती वाटते. लिहून टाकलं की जरा कमी होते, म्हणून लिहिते. मला त्याचा राग येतो, त्याहून जास्त त्या टाचणीचा. आणि सगळ्यात जास्त माझ्या बोटांचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींनी आज माझ्या टेबलाजवळ स्टूल घेऊन हत्यारं पुसली. दिवसभर. एकदा फक्त मोठी पक्कड माझ्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, उकळलेली आहे.

नेटवरून नोंदवलेल्या वेळा डॉक्टरीणबाईंच्या मोबाइलवर येतात. त्या वाचतात, मी उतरवून घेते. उद्याच्या बाराच्या बारा वेळा संध्याकाळपर्यंत भरल्या. असं कधी होत नाही, म्हणाल्या. बरंच झालं. माणसं असतील. भरल्या दवाखान्यात कोण काय करणार —

बॅग भरून ठेवली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नऊला फोन आला. पेठेच्या पार टोकाला एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांची कवळी घशाशी अडकली आहे म्हणे. बाईचा आवाज होता, रडत होती. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन निघाल्या, मावशी मदतीला. मीच म्हटलं, जा, साडेनऊपासून पेशंट आहेतच.

साडेनऊ. कुणी नाही.

दहा. कुणी नाही. दहाच्या बाई दहाला नाहीत, साडेनऊचे आजोबाही —

खालचं किल्लीचं दुकान आज बंद. इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.

डॉक्टरीणबाई मोबाइल विसरल्यात. माझ्याच टेबलावर. यादी उघडली. लोकांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेली तक्रार पहिल्यांदाच पाहतेय. एरवी त्या वाचून दाखवतात. मागच्या आठवड्यातल्या वाचल्या — ‘दाड दूखते’, ‘हीरडी सूजली’, ‘दात हालतो लवकर बोलवा’ —

आजच्या बारा —

‘हिरडीस सूज.’ ‘दाढ दुखते, विशेषतः थंड पाण्याने.’ ‘पुढील दाताचा टवका उडाला आहे, पूर्वी बसवलेली टोपी तपासावी.’

बारा माणसं. एक वेलांटी चुकलेली नाही. स्वल्पविरामसुद्धा —

फोन वाजला. डॉक्टरीणबाई, कुणाच्या तरी दुकानातून. त्या पत्त्यावर घरच नाही, मोकळी जागा आहे. निघाले म्हणाल्या, चाळीस मिनिटं. दार लावून घे, आत्ताच्या आत्ता.

फोन ठेवला. दार लावायला उठले.

तो बाकावर बसलाय. मांडीवर मासिक. कधी आला — मी फोनवर असताना —

इस्त्रीचा शर्ट. हात गुडघ्यांवर. हसला. म्हणाला, नंबर लावलाय.

दार त्याच्या मागे. खण उघडला तर आवाज होईल. मी बसले. वही ओढली, केसपेपर ओढतात तशी. नवीन पेशंटला विचारतात ते विचारायला लागले. नाव. त्याने सांगितलं. वय. सांगितलं. त्याला वाटतंय त्याचंच लिहितेय. असंच विचारत राहायचं. सहा मिनिटं गेली.

डॉक्टरीणबाई, मी इथे नसले तर — मी राजीखुशीने गेले असं तो सगळ्यांना सांगेल. नीट सांगेल, त्याचं बोलणं ऐकून कुणालाही पटतं. खोटं आहे. मला जायचं नाही. हे पान चौकीवर —

औषधाची ॲलर्जी? नाही. रक्तदाब? नाही. मधुमेह? वडिलांना होता. अकरा मिनिटं. याआधी कधी दात पाडलाय का? म्हणाला, स्वतःचा नाही.

पुढे काय विचारू. पुढे काय विचारतात. सुचत नाही —

उठला.

विचारतोय, इतकं काय लिहितेस. तुमचा केसपेपर, असं म्हटलं. दाखव म्हणतो. चुका असतील, बघू दे म्हणतो. टेबलाला वळसा घालून येतोय. हात पुढे केलाय. मी ही वही त्याला देणार ना